कमोड तुझा, पाइप सगळ्यांचा

सगळ्यात आधी तो फ्लश पुन्हा दाबू नकोस. हात शिवशिवतो, मला माहीत आहे. वाटतं, अजून एकदा जोरात पाणी सोडलं की जाईल सगळं वाहून. जात नाही गं, उलट वर येतं, आणि मग रात्री अकरा वाजता पायपुसणी, फिनेल आणि रडू असा सगळा सरंजाम मांडावा लागतो. फ्लशच्या टाकीखाली भिंतीला एक छोटा अँगल कॉक असतो, तो फिरवून बंद कर. संडासाचं दार लावून घे, चहा ठेव आणि मग माझं ऐक.

मुठा गावच्या त्या तीन मजली इमारतीत राहायला गेलीस तेव्हा डोंगरावरचे ढग आणि भातखाचरं यांचे फोटो पाठवत होतीस. आता तुंबलेल्या कमोडचे पाठवतेस. पाठव हो, लाजू नकोस. कपाटात झुरळ निघालं तर आपण चार जणींना सांगतो, पण संडास तुंबला की घराण्याची अब्रू गेल्यासारखं गप्प बसतो. आणि तो तुंबतोही कधी? सासरचे जेवायला यायचे असतात तेव्हा.

आजच्या रात्रीपुरतं एवढं कर. भांडं काठोकाठ भरलं असेल तर थोडं थांब, पाणी बहुतेक वेळा हळूहळू उतरतं. मग बादलीभर कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घाल आणि ते कमरेच्या उंचीवरून एका दमात ओत. कोमट म्हणजे कोमट. उकळतं पाणी ओतलंस तर चिनी मातीचं भांडं तडकेल, आणि मग तुंबलेला संडास परवडला असं म्हणायची वेळ येईल. उद्या पिरंगुटला जाशील तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून लाकडी दांड्याचा रबरी पंप आण. त्याची रबरी वाटी पाण्यात पूर्ण बुडली पाहिजे, नाहीतर तू नुसती हवाच दाबत बसशील. सावकाश दाब आणि झटक्यात ओढ. अडकलेलं सुटतं ते बहुतेक ओढण्यानं, म्हणून सगळी ताकद दाबण्यात घालवू नकोस. पंप मारताना शेजारच्या नहाणीच्या जाळीतून बुडबुडे येत असतील तर ती जाळी ओल्या फडक्यानं दाबून धर.

आणि ॲसिडची बाटली मोरीखाली ठेवलीयस ना, ती तिथंच राहू दे. तुंबलेल्या भांड्यात ॲसिड ओतलं तर ते अडथळ्यापर्यंत पोचत नाही, वर साचलेल्या पाण्यात पसरून बसतं. मग पंप मारलास की तेच तुझ्या डोळ्यांवर उडतं. त्यातून आधी कुणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि खोकून खोकून जीव नकोसा होतो. या एका बाबतीत मी तुझं काहीही ऐकणार नाही.

आता चहा झाला असेल तर एक प्रश्न. एकटीचाच तुंबलाय की आणखी कुणाचा?

मला माहीत आहे, तू विचारलंच नाहीस. सगळ्या असंच करतात. इमारतीत राहताना आपल्याला वाटतं, माझ्या घरात पाणी अडलं म्हणजे दोष माझ्या घरातच. मीही तशीच होते गं. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. प्लंबरला बोलावलं, त्यानं कमोड उखडला, नवा बसवला, पैसे घेतले आणि गेला. नवा कमोडसुद्धा संध्याकाळपर्यंत तुंबला. दोष खाली अंगणातल्या चेंबरमध्ये होता. बघ, भांडं बदललं की रोग जातो असं मानणारी बाई होते मी! तो पांढराशुभ्र कमोड पुढं कितीतरी वर्षं माझ्याकडे बघून हसत असायचा.

म्हणून उद्या सकाळी आंघोळ-डबा आटोपलास की जिना उतरत उतरत दारं वाजव. तुझ्या बरोबर वर आणि बरोबर खाली जे राहतात त्यांना आधी विचार, कारण एकावर एक असलेल्या संडासांचा उभा पाइप एकच असतो. तुझ्या एकटीकडेच पाणी अडत असेल तर अडथळा तुझ्या भांड्याच्या वळणात किंवा उभ्या पाइपला जोडणाऱ्या तुझ्या तुकड्यात आहे. तो खर्च तुझा, आणि तो फार नसतो. तुझ्या ओळीतल्या दोघातिघांना त्रास असेल तर उभा पाइप अडलाय. आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या नहाणीतून घाण पाणी वर येत असेल, तर सगळ्या इमारतीचा मामला आहे. पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर पडतं. वरच्यांनी ढकललेलं त्या बिचारीच्या घरात उगवतं, म्हणून काकू चिडलेल्या दिसल्या तर मनाला लावून घेऊ नकोस. चहा त्यांनाही दे. आणि लाइन मोकळी होईपर्यंत वरच्या सगळ्यांना हात जोडून सांग, वॉशिंग मशीन लावू नका.

जाता जाता एक सांगते. चांगल्या प्लंबिंगमध्ये तळमजल्याचे संडास उभ्या पाइपला जोडतच नाहीत, त्यांची वेगळी लाइन थेट चेंबरला नेतात, म्हणजे वरचं खाली उसळत नाही. कधी दुरुस्तीला खणलंत तर काकूंसाठी एवढं करून घ्या.

मग चेंबर. अंगणात किंवा पार्किंगमध्ये ती चौकोनी झाकणं दिसतात ना, त्यांच्याकडे आजवर तू फक्त रांगोळी कुठं काढायची नाही एवढ्यापुरतंच पाहिलं असशील. पहार घेऊन दोघांना झाकण उचलायला सांग. मुलांना लांब ठेव, काडी-सिगरेट काही जवळ नको, झाकण काढल्यावर थोडा वेळ उघडं राहू दे आणि वाकून डोकं आत घालायचं नाही, उभ्यानंच बघायचं. आता नीट ऐक, कारण एवढं समजलं तर तुला कुठलाही प्लंबर फसवू शकणार नाही. इमारतीला लागून असलेलं चेंबर कोरडं असेल आणि वर संडास तुंबला असेल, तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मध्ये आहे. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा पुढं आहे. मग पुढचं उघडायचं, त्याच्या पुढचं उघडायचं. जिथं भरलेलं चेंबर संपतं आणि रिकामं लागतं, त्या दोघांच्या मधल्या पाइपात चोर बसलाय. बांबूच्या लांब पट्ट्या किंवा जेटिंगचं मशीन तिथंच लावायचं, सगळं अंगण खणायची गरज नाही. चेंबर बघताना वरच्या काकांना फोन करून एक फ्लश दाबायला सांग. पाणी येतं का, किती वेळानं येतं, तेही कळतं. (काका आधी कुरकुरतील. नंतर तेच सगळ्यांना सांगतील की शोध त्यांनीच लावला. लावू दे.)

चोर म्हणजे कोण, हेही बघून घे बाहेर निघाल्यावर. सॅनिटरी पॅड, डायपर, ते ओले सुगंधी वाइप्स, नारळाच्या शेंडीची घासणी, साबणाचं वेष्टण, उदबत्तीच्या काड्या, कुणाच्या तरी बाळाची प्लास्टिकची बदकं. जुन्या लाइनमध्ये पिंपळा-उंबराची मुळं सांध्यातून आत शिरतात आणि आत जटा वाढवतात. आणि इमारत नवी असेल किंवा कुणी नुकत्याच फरश्या बदलल्या असतील तर सिमेंट. गवंडी काम संपवून घमेली-थाप्या कुठं धुतात माहितेय? तुझ्या संडासात. ते पाणी जातं, सिमेंट पाइपाच्या तळाला बसतं आणि आवळतं. कुणाच्याही घरी काम निघालं की पहिल्या दिवशीच गवंड्याला अंगणातली बादली दाखवायची.

पॅडबद्दल जरा बोलू दे. इमारतीची मीटिंग भरते, आणि कुणीतरी पुरुष घसा खाकरून म्हणतो, ‘लेडीजनी जरा काळजी घ्यावी.’ बायका खाली बघतात. कुणी काही बोलत नाही आणि पुढल्या महिन्यात पुन्हा तेच. तू बोल. सरळ सांग की पॅड पाण्यात विरघळत नाही, फुगतं, आणि चार इंची पाइपाच्या वळणावर बसलं की त्यामागं सगळं साचतं. कागदात गुंडाळायचं, वर लाल पेनानं ठिपका काढायचा आणि सुक्या कचऱ्यापासून वेगळं द्यायचं. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताया लोकांना हेच सांगत आल्या आहेत, कारण उघडं पॅड शेवटी त्यांच्याच हाताला लागतं. प्रत्येक संडासात झाकणाचा छोटा डबा ठेवला की अर्धं काम होतं. पाहुण्या बाईला पॅड कुठं टाकू हे विचारायची लाज वाटते गं, म्हणून ती फ्लश करते. डबा दिसला की विचारावं लागत नाही.

हे झालं पाइपांचं. पण तू पुण्यात नाहीस, मुठ्याला आहेस, आणि खरी मेख तिथंच आहे.

शहरात चेंबरच्या पुढं महापालिकेची लाइन असते. तुझ्याकडे चेंबरच्या पुढं मैल्याची टाकी आहे, म्हणजे सेप्टिक टँक, आणि टाकीच्या पुढं शोषखड्डा. टाकीत जड गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते, आणि मधलं पाणी पुढच्या पाइपानं शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरतं. गाळाला हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू खातात. म्हणूनच त्या टाकीत ॲसिडच्या बाटल्या रिकाम्या करू नयेत, खाणारेच मेले तर गाळ कोण संपवणार? बाजारात मिळणारी पावडर, शेण, गूळ-यीस्ट असं काहीबाही टाकायला सांगणारे खूप भेटतील. टाकीला जिवाणूंची वाण नसते, ते आपण रोज पुरवतोच. साचलेला गाळ मात्र कुठल्याही पावडरीनं उडून जात नाही, तो दर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून काढावाच लागतो. आपल्या वाईच्या नगरपालिकेनं तर ते लोकांच्या आठवणीवर सोडलंच नाही. घराघराची पाळी लावून टाक्या उपसायच्या आणि तो गाळ गावाच्या स्वतंत्र केंद्रात नेऊन त्यावर प्रक्रिया करायची, अशी व्यवस्था तिथं केली.

आता एक गंमत ऐक. टाकीचं झाकण उघडलं आणि आत पाणी दिसलं की सगळे ओरडतात, ‘टाकी भरली!’ अगं, टाकी नेहमी भरलेलीच असते. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडापर्यंत पाणी असणं हीच तिची तब्येत. पाणी त्या तोंडाच्या वर चढलं असेल तर बिघाड. आणि गाडी बोलावून टाकी उपसली, तरी आठवड्याभरात पुन्हा पाणी तोंडाच्या वर आलं, तर समजायचं की गुन्हेगार टाकी नाही, शोषखड्डा आहे. गाडीवाल्याला पुन्हा पुन्हा बोलावणं म्हणजे त्याच्या मुलीच्या लग्नाला हातभार.

तुमच्या खोऱ्यात शोषखड्डा नेमका जुलै-ऑगस्टमध्ये का हात टेकतो? पाऊस सुरू झाला की जमीन तुडुंब भिजते, भूजल वर येतं. ओल्या गच्च पोतेऱ्यानं आणखी पाणी टिपता येतं का? तसंच ते. त्यात भर म्हणजे गच्चीवरच्या पावसाचा पाइप. बांधताना सोय म्हणून तो पुष्कळ ठिकाणी मैल्याच्या चेंबरलाच जोडून टाकतात. हिशेब कर. शंभर चौरस मीटरची गच्ची आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस, जो टेमघर धरणाच्या त्या पट्ट्यात काही नवलाचा नाही, म्हणजे १०,००० लिटर पाणी. पाण्याचा एक अख्खा टँकर तुमच्या सेप्टिक टँकमध्ये! म्हणून पाऊस पडत असताना छत्री घेऊन एकदा चेंबरपाशी उभी राहा. कुणी फ्लश केला नसतानाही पाणी धो धो येत असेल तर चोर आभाळातून येतोय. तो पाइप तोडून पावसाचं पाणी वेगळ्या नालीनं ओढ्याकडे काढायचं. खर्च फार नाही. पण हा शोध कुणी लावतच नाही, कारण पावसात चेंबर बघायला जाणारं माणूस वेडं समजतात.

पाणी ओतणारा दुसरा चोर घरातच असतो: गळका फ्लश. भांड्याच्या मागच्या बाजूनं बारीक धार वाहत राहते, दिसतही नाही, आणि दिवसरात्र शोषखड्डा भरत राहतो. रात्री झोपताना फ्लशच्या टाकीत थोडी कपड्यांची नीळ टाक. सकाळी कुणी न वापरता भांड्यातलं पाणी निळं झालं असेल तर आतलं रबरी वॉशर बदलायचं. इमारतीतल्या सगळ्यांना एकाच रात्री हे करायला लाव. पोरांना फार आवडतं.

वास येतो म्हणालीस, आणि वरच्यांनी फ्लश केला की तुझ्या भांड्यात गुडगुड होतं. घाबरू नकोस, भूत नाही. प्रत्येक भांड्याच्या आणि नहाणीच्या वळणात दोन इंचभर पाणी थांबलेलं असतं, तेच गटाराची हवा घरात येऊ देत नाही. वरून मोठा लोंढा खाली आला की पाइपातली हवा ओढली जाते. ती हवा आत घ्यायला गच्चीवर उभा पाइप उघडा ठेवलेला असतो. तो बंद झाला की पाइप हवा तुझ्या भांड्यातून ओढतो, तीच गुडगुड, आणि त्यात वळणातलं पाणीही निघून जातं. तेव्हा गच्चीवर जा. त्या पाइपावर कुणी पत्र्याची शेड टाकलीय का, गांधीलमाशीनं घर केलंय का, की सोलरवाल्यानं आडवा येतो म्हणून कापून त्यात बोळा कोंबलाय, ते बघ. पाइप शेडच्या वर काढून घ्यायचा आणि तोंडाला जाळी लावायची.

आणि तुमच्याकडे अर्धी इमारत पुणेकरांची शनिवार-रविवारची घरं आहेत ना? मग वासाचं मूळ तिथंही असू शकतं. महिनाभर कुलूप असलं की नहाणीच्या वळणातलं पाणी आटतं आणि गटाराचा वास बंद घरातून जिन्यात येतो. किल्ली कुणाकडे तरी ठेवायला सांग, आणि आठवड्याला प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी. शिवाय हेच लोक एकदम येतात, प्रत्येक घरात आठ-दहा पाहुणे, आणि रविवारी दुपारी टाकी हात वर करते. तुंबण्याचा वार लिहून ठेव. दर वेळी रविवारच निघाला तर मीटिंगमध्ये तो कागदच बोलेल, तुला बोलावं लागणार नाही.

आता जरा गंभीर होते. टाकी उपसायची वेळ आली की कुणीतरी म्हणेल, ‘गाडी कशाला, दोन माणसं उतरवू, स्वस्तात होईल.’ तिथं तू आडवी पड. मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि वायू जास्त असेल तर नाक बधिर होऊन तो वासही येईनासा होतो. माणसाला वाटतं हवा बरी आहे, आणि तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. लांबची गोष्ट नाही, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये वाघोलीत एका गृहसंकुलाच्या अशाच टाकीत कामगार गुदमरून गेले. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाल्यास भरपाई ३० लाख रुपये, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. पण खरं सांगू का, दंडाचा आकडा ऐकून मगच कुणी थांबणार असेल तर त्या माणसाशी मी बोलणारही नाही. सक्शनची गाडी बोलवा, पाइप आत, माणूस बाहेर. झाकण कुठं आहे ते आधी शोधून ठेवा, बहुतेकांनी त्यावर पार्किंगच्या फरश्या बसवलेल्या असतात. आणि हे सगळं एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना.

गाडीवाला निघाला की त्याला विचार, ‘दादा, हे कुठं ओतणार?’ तो हसेल. तरी विचार, आणि पावतीवर लिहून घे. कारण तुमच्या मागचा ओढा मुठेला मिळतो. मुठा टेमघरकडून येते, सांगरुणपाशी तिला आंबी आणि मोशी या नद्या मिळतात आणि सगळं पाणी खडकवासल्याला जातं. तेच पाणी माझ्या नळाला येतं गं. स्वार्थ समज हवं तर. आणि तुमच्या अंगणात बोअर असेल तर ती शोषखड्ड्यापासून निदान ६० फूट लांब हवी. तेवढी लांब नसेल, तर पिण्याचं पाणी आधी तपासून घे, संडास नंतर.

राहिले पैसे. भांडण तिथंच होतं, म्हणून आधीच सांगते. सोसायटी नोंदलेली असेल तर सहकार खात्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामायिक ड्रेनेज लाइनची आणि सेप्टिक टँकची दुरुस्ती सोसायटीनं करायची, घराच्या आतली ज्याची त्यानं. म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या भाडेकरूनं पॅड टाकलं की पहिल्यानं बदक, याचा पंचनामा करत बसायचं नाही, मेंटेनन्समधून काम करायचं. इमारत महारेरात नोंदलेली असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर आणखी एक. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार बांधकामातला, सेवांमधला दोष बिल्डरनं कळवल्यापासून ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पावसाचा पाइप मैल्याला जोडणं हा दोष नाही तर काय आहे? फोनवर भांडू नकोस. चेंबरचे फोटो, तारखा, आणि सगळ्यांच्या सह्यांचं पत्र. पत्राची पोच घ्यायला विसरू नकोस.

‘मीच का?’ असं मनात आलंय तुझ्या, दिसतंय मला. कारण तू तिथं आठवडाभर राहतेस, आणि कारण तुला वास सहन होत नाही. एकट्या माणसानं काय होतं असं वाटत असेल तर ऐक. देहूत डॉ. मापुसकर सरकारी डॉक्टर म्हणून गेले, औषधं देऊन पोटं बरी होईनात म्हणून संडास बांधायला लागले. सुरुवातीचे प्रयोग पावसाळ्यात फसले, तरी त्यांनी सोडलं नाही. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांकडून शिकले आणि सगळं गाव संडास वापरायला लागेपर्यंत थांबले नाहीत. त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तुला कुणी काही देणार नाही, काकू फार तर कोथिंबिरीच्या वड्या देतील. पण तू करशील. गणिताला घाबरून रडणारी तू दहावीला त्याच गणितात पहिली आली होतीस, हे काही मी विसरले नाहीये.

तर उद्या सकाळी दारं वाजव, मग चेंबरं उघडा, मग मला फोन कर. फोटो पाठवशील ते शक्यतो माझं जेवण झाल्यावर. आणि तो अँगल कॉक बंद केलायस ना? ऊठ, पुन्हा एकदा बघून ये.